वखारीतली सहावी बादली

बंबखात्यात होतो म्हटलं की लोक खुर्ची पुढं ओढून बसतात. त्यांना आगीच्या गोष्टी हव्या असतात. शिडी लावली, धुरातून कुणाला खांद्यावर घेऊन उतरलो, अशा. माझ्याकडे त्या नाहीत. मी नोकरीभर बादल्या मोजल्या. बारामतीत मला पाठीमागं 'बादलीसाहेब' म्हणायचे, काहीजण तोंडावरही म्हणायचे. आग लागल्यावर जातो तो बंब आणि लागू नये म्हणून आधी जातो तो तपासनीस. न लागलेल्या आगीचं श्रेय आजवर कुणी कुणाला दिलेलं मी ऐकलं नाही. त्यामुळं आठवणी लिहून द्या म्हणून संपादकांचं पत्र आलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो होतो. मग होय म्हणालो. का म्हणालो ते पुढं येईल.

पन्नास सालानंतरची बारामती म्हणजे गुळाचं गाव. दौंडहून येणारी छोटी गाडी स्टेशनात शिरायच्या आधी गुळाचा वास डब्यात शिरायचा. गावात गुळाच्या वखारी, सरकीची गोदामं, रॉकेलची दुकानं, हॉटेलांच्या भट्ट्या, आणि या सगळ्यांवर मी एकटा. एका माणसानं कुठं, कधी जायचं हे ठरवणं हीच खरी नोकरी होती. बादल्या मोजायला अक्कल लागत नाही.

हे ठरवायची आमची रीत भिकूतात्यांनी घालून दिलेली. भिकूतात्या म्हणजे बंबाचे ड्रायव्हर, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, मिशा पांढऱ्या आणि जीभ तिखट. मी नवीन असताना पुण्याहून शिकून आल्याच्या तोऱ्यात आळीवार यादी केली होती. या आठवड्यात ही आळी, पुढच्या आठवड्यात ती. तात्यांनी यादी वाचली आणि घडी घालून परत दिली.

"साहेब, आग काय आळी बघून लागती व्हय? ती हंगाम बघून लागती."

त्यांनी एक फळी आणली. तिच्यावर बारा खिळे मारले, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत. रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याचे बिल्ले कापले, प्रत्येकावर दाभणानं एकेका इमारतीचा नंबर ठोकला. फटाक्यांची दुकानं दिवाळीच्या आधी बघायची, म्हणून त्यांचे बिल्ले अश्विनाच्या खिळ्यावर. कडब्याच्या गंजी माघात. सरकी यायच्या आधी सरकीची गोदामं, गुळाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी गुळाच्या वखारी. महिना लागला की त्या खिळ्यावरचे बिल्ले खिशात टाकायचे आणि निघायचं. तपासणी झाली की बिल्ला परत खिळ्यावर, पण उलटा. महिनाअखेर एखादा सुलटा दिसला की तात्या नुसतं खोकायचे, बोलायचे नाहीत.

आणि एक तेरावा खिळा होता, फळीच्या खाली, एकटा. तो फेरतपासणीचा. ज्या ठिकाणी काही उणं सापडलं तो बिल्ला तिथं लटकायचा आणि आठ दिवसांच्या आत मी तिथं परत गेलो पाहिजे, असा दंडक. तेरावा खिळा आमच्या साहेबांच्या टेबलावरून सरळ दिसायचा.

इंदापूरच्या तपासण्याही माझ्याच गळ्यात होत्या. तिथं एक तंबूतला सिनेमा यायचा. मालक गोरापान, गळ्यात रुमाल, बोलण्यात कुणाला हार जाणार नाही. मी म्हणायचो, बाहेर पडायला दारं चार हवीत. तो कनात उचलून दाखवायचा. "साहेब, तंबूला दार एकच, आनि म्हटली तर दारं शंभर. लोकं तिकीट न काढता जितनं आत येत्यात, तितनं भाईर जातीलच की." आता याला काय बोलावं? त्याच्या बादल्यांतली वाळू पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल झालेली असायची. बदल म्हटलं की बदलायचा, आणि मी एसटीत बसेपर्यंत लोक पुन्हा थुंकायला लागलेले असायचे.

मला ओढ होती ती मात्र एका वखारीची. बिल्ला नंबर एकोणीस. मालक कोण ते सांगत नाही, त्याचा यात फारसा संबंध नाही. वखार दगडी, पुढं पत्र्याची पडवी, आणि पडवीला लागून एक खोली. त्या खोलीत वखारीचा राखणदार म्हादू, त्याची बायको चंद्राबाई आणि म्हादूची आई राहायची. मूळचे पळसदेवचे. म्हादूला छातीचं दुखणं होतं. तो वर्षातले बरेच महिने पुण्याच्या दवाखान्यात असायचा, आणि राखण चंद्राबाईच करायची. त्यांची लहान मुलगी गावाकडं आजोळी होती.

चंद्राबाई मला लांबूनच ओळखायची. "आलं का बादल्या मोजनारं साहेब? बसा, आधी पानी घ्या, बादल्या कुटं पळून जात न्हाईत." मग तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा. खडा नको म्हटलं तर म्हणायची, "वखारीत येऊन गूळ नको म्हनाया काय सोयरीक मोडायची हाय?" अख्ख्या गावात तपासनिसाला आपलं माणूस आल्यासारखं बोलावणारी ती एकटीच होती. बाकीचे मला बघून चुली झाकायचे. आज या वयात मला कुणाचा आवाज पुन्हा ऐकावासा वाटत असेल, तर तो पडवीतून येणारा तिचा आवाज.

गुळाच्या वखारीचा नियम थोडक्यात सांगतो. गूळ पेटला तर वितळतो आणि वाहायला लागतो. तसला गूळ पायाला चिकटला की कातडं घेऊनच सुटतो. त्यावर पाणी मारलं तर तडतडून अंगावर उडतो. म्हणून पाण्याच्या पिंपाखेरीज दाराशी वाळूच्या सहा बादल्या. या बादल्यांचा तळ गोल असतो, म्हणजे त्या जमिनीवर उभ्या राहत नाहीत आणि कुणी घरी पाणी भरायला नेत नाही. त्या भिंतीवर आकड्यांना टांगायच्या. लाल रंगाच्या.

नवरात्राची दुसरी माळ होती. मी एकोणीस नंबरवर गेलो, गूळ खाल्ला, बादल्या मोजायला लागलो. पाच झाल्या. सहावीत वाळूवर काळी माती पसरलेली, मधे पाण्यानं भरलेलं सुगड, त्यावर विड्याची पानं, आणि वर आढ्याला बांधलेली झेंडूची माळ. चंद्राबाईनं आगीच्या बादलीत घट बसवला होता.

मला रागच आला. "चंद्राबाई, हे काय? ही बादली सरकारी नियमाची आहे."

"ठावं हाय साहेब. पन खाली कुटं बसवू? गेल्या साली परडीत बसवला, तर उंदरांनी रातीत समदं धान खाल्लं. गुळाची वखार ही. भुईला ठिवलं की उंदीर, फळीवर ठिवलं की मुंगी. ही एकच जागा अशी हाय, की जिथं काय चढत न्हाय."

खरं होतं. मीच तर ते आकडे भिंतीपासून वीतभर पुढं घ्यायला लावले होते.

"रिकामी करा," मी म्हणालो.

चंद्राबाईची सासू दारात बसली होती, ती म्हणाली, "बसलेला घट हालवत न्हाईत, बाबा. दसऱ्यापत्तर हात लावायचा न्हाय. म्हादूसाठनं नवस बोलली हाय ती. त्यो चालत घरी आला पायजे म्हून माती पळसदेवच्या रानातनं पदरात आनलीया."

मी मातीकडं बघितलं. भीमेकाठची, शाईसारखी काळी. धान अजून उगवलं नव्हतं.

"दिवा?"

"दिवा खोलीत, पान्याच्या परातीत. तुमी मागं सांगितलं हुतं तसा."

मग मी जे बोललो ते मला आज शब्दन् शब्द आठवतं. "असू द्या. आमच्या कोठारात जास्तीची बादली आहे. उद्या भरून आणून टांगतो. सातवा आकडा आहेच."

चंद्राबाई हसली. "तुमी म्हनला म्हंजी झालंच."

रजिस्टरात लिहिलं, 'वाळूच्या बादल्या सहा, भरलेल्या.' उद्या होणारच आहेत, मग आज पाच लिहून तेराव्या खिळ्याची कटकट कशाला? बिल्ला अश्विनाच्या खिळ्यावर उलटा टांगला.

दुसऱ्या दिवशी इंदापूरला जावं लागलं. नवरात्रात सिनेमावाल्यानं तंबू वाढवला होता, तिथं दिवस गेला. तिसऱ्या दिवशी फटाक्यांच्या दुकानांचे अर्ज आले. बादली कोठारात राहिली. मी तिला विसरलो. तिच्यासाठी खिळ्यावर बिल्ला नव्हता, आणि जे खिळ्यावर नाही ते डोक्यात ठेवायची सवय मला राहिली नव्हती. एवढंच कारण आहे. दुसरं काही असतं तर मी सांगितलं असतं.

अष्टमीला भर दुपारी घंटा झाली. तात्यांनी गाडी काढली. गाडी फाटकातच होती तेव्हा कळलं, एकोणीस नंबर. मला त्या क्षणी बादली आठवली. कोठार गाडीच्या मागंच होतं. मी उडी मारून आत गेलो, बादली घेतली, वाळूच्या ढिगातून भरली आणि गाडीत चढलो. तात्यांनी बघितलं, पण विचारलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा आग विझलेली होती. एका हमालानं दाराशी पोत्यांच्या ढिगावर विडीचं थोटूक टाकलं होतं. पोती पेटली, ज्वाळा आतल्या उसाच्या वाळक्या पाचटाकडं निघाल्या. हमाल बाहेर पळाले. चंद्राबाईनं एकामागून एक पाच बादल्या ओतल्या. पाचटाला लागलेला शेवटचा जाळ राहिला होता. त्याच्या पलीकडं गुळाच्या भेल्या छतापर्यंत, आणि भिंतीपलीकडं तिची सासू झोपलेली. तिनं सहावी बादली उचलून घटासकट जाळावर फेकली.

जमिनीवर काळ्या राखेत ती पळसदेवची माती पडली होती. सुगडाच्या खापऱ्या. आणि सात दिवसांचं धान, वीतभर वाढलेलं, पिवळंधमक, अर्धं होरपळलेलं. चंद्राबाई तिथंच बसली होती. हाताला फोड आले होते. ती मातीला हात लावत नव्हती.

लोक बाहेर गोळा होते, तात्या पोती उपसत होते. मी माझी भरलेली बादली सातव्या आकड्याला टांगली. कुणाच्या लक्षात आलं नाही. चंद्राबाईनं मात्र बघितलं. मी तिच्याकडं न बघता वळलो.

मी घाबरलो होतो. खोट्या नोंदीची चौकशी झाली तर नोकरी जाईल, एवढंच डोक्यात होतं. रजिस्टरात सहा भरलेल्या, तर जागेवर सहा हव्यात. हिशेब जुळवला असं मला वाटलं.

तासाभरात आमचे साहेब आले. मालक आला. साहेबांनी रजिस्टर मागवलं आणि आकड्यांपुढं उभं राहून मोजलं. पाच रिकाम्या. सहावी, घटाची, तीही रिकामी. सातवी वाळूनं भरलेली, जागेवर.

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी साधंच विचारलं, "बाई, ही भरलेली बादली शेजारी असताना तुम्ही घट का फेकलात?"

हा प्रश्न येईल हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं. सासू दारात उभी होती. शेजारच्या वखारीतल्या बायका होत्या. सगळे चंद्राबाईकडं बघत होते. तिनं त्या बादलीकडं बघितलं, मग माझ्याकडं. फार वेळ नाही. बोट करायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच.

"चुकलं साहेब," ती म्हणाली. "घाबरल्यात दिसली न्हाय. बादलीसाहेबांनी कवाच आनून ठिवली हुती."

सासूनं तोंडाला पदर लावला. एक बाई म्हणाली, "अगं, डोळं फुटलं हुतं का तुजं?"

मी रजिस्टर छातीशी धरून उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. ते मी बोललो नाही.

म्हादू दिवाळीला घरी आला, पण चालत नाही, बैलगाडीत झोपून. पौषात गेला. डॉक्टरांनी त्याची आशा आधीच सोडली होती, हे मला नंतर कळलं. पण घरात ते कोण ऐकणार? देवीची बादली आणि वाळूची बादली शेजारी टांगलेल्या असताना सुनेनं देवीची उचलली, आणि लेक गेला. सासूपुरतं एवढं बास होतं. माघात त्या दोघी पळसदेवला निघून गेल्या. मी कडब्याच्या गंजी मोजत होतो. पुढच्या अश्विनात एकोणीसचा बिल्ला खिशात टाकून गेलो, तर पडवीत दुसराच माणूस होता. त्यानं पाणी विचारलं नाही. बादल्या सहा होत्या, सगळ्या भरलेल्या.

त्यानंतर मी तीस अश्विन बघितले. बदल्या झाल्या, कपाटं आली, छापील फॉर्म आले. तात्या गेले. ती फळी भंगारात निघाली तेव्हा मी मागून घेतली. पळसदेवला जाऊन चंद्राबाईला भेटायचं, असं दर वर्षी ठरवलं आणि दर वर्षी काहीतरी निघालं. मग धरणाचं पाणी आलं. पळसदेव उठलं, जुनं गाव पाण्याखाली गेलं. आता भेटायला घरच राहिलं नाही, असं म्हणून मी स्वतःला सोडवून घेतलं. हे सगळे बहाणे होते. मला तिची भीती वाटत होती, आणि मला तिला बघायचंही होतं. दोन्ही खरं आहे.

यंदा वैशाखात लासुर्ण्याला एका लग्नाला गेलो होतो. मांडवात एक बाई चहा देत होती. मी बारामतीच्या बंबावर होतो असं कुणी बोललं, तशी ती थांबली. चंद्राबाईची मुलगी. सुभद्रा. तिला लासुर्ण्यात दिलेली. तिनं मला अगदी मोकळेपणानं सांगितलं, लोक घरातली जुनी गोष्ट सांगतात तसं, की आईच्या हातून चुकून घट फेकला गेला आणि त्यातच आबा गेले. आई चार वर्षांपूर्वी वारली.

"तुमचं नाव घ्यायची," ती म्हणाली. "म्हनायची, साहेबांनी बादली दिली हुती, माजीच नदर फिरली."

मी चहा प्यालो. दुसऱ्यांदा गप्प बसलो. घरी आलो तर टेबलावर संपादकांचं पुन्हा पत्र. या वेळी होय म्हणालो.

एवढं लिहून झाल्यावर आधी छापायला दिलं नाही. श्रावणात कागद घेऊन लासुर्ण्याला गेलो आणि सुभद्राला वाचून दाखवला. ती चुलीपुढं बसली होती. वाचून झालं.

"म्हंजी बादली नव्हतीच," ती म्हणाली.

"नव्हती."

"आनि आईला ठावं हुतं."

"तिनं मला टांगताना बघितलं होतं."

सुभद्रानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "आजी मरस्तवर तिला घटाजवळ बसू द्यायची न्हाय. दारात बसायची आई, नऊ दीस. आजी गेल्यावर आमी म्हटलं, आता तू बसव. तर म्हनली, माज्या हातनं नको." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुमची नोकरी ऱ्हायली, न्हवं?"

"राहिली."

"तिला बरं वाटलं आसंल."

तिनं हे टोचून म्हटलं की मनापासून, ते मला कळलं नाही. मी माफी मागितली. ती 'असू द्या' म्हणाली नाही, आणि तिनं म्हणूही नये.

निघताना दारापर्यंत आली. "घट मी बसवनार हाय. आईच्या नावानं. पन माती पळसदेवचीच पायजे. नव्या गावठानातली न्हाय, आमच्या रानातली. आनि रान तर पान्यात."

"अश्विनात पाणी भरलेलं असतं," मी म्हणालो. "वैशाखात उतरतं. जुनं देऊळ उघडं पडतं तेव्हा. रान देवळापासून किती लांब?"

"देवळाच्या मागं. दोन बांध वलांडले की."

"वैशाखात आणून देतो. पुढच्या अश्विनाला बसवा."

ती माझ्याकडं बघत राहिली. हेच डोळे मी एकदा पडवीत बघितले होते, पण तेव्हा ते हसले होते.

"एवढी वरसं ऱ्हायलं, आनि एक वरीस," ती म्हणाली. "पन आना."

घरी येऊन ती फळी माळ्यावरून काढली. खिळे गंजले आहेत, पण घट्ट आहेत. एकोणीसचा बिल्ला अजून अश्विनाच्या खिळ्यावर उलटा होता, मी टांगला होता तसा. तो काढला, पुसला, आणि वैशाखाच्या खिळ्यावर लावला. सुलटा.